व्यासंग : जडणारा अभ्यास

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात, संत्र्यांच्या बागांच्या मुलखात, रिद्धपूर हे गाव आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या, स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गाठून एकेक लीळा विचारली, ती स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवून पडताळली आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. अशा कामासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : व्यासंग.

हा शब्द आपण अनेकदा ‘पुष्कळ अभ्यास’ एवढ्याच अर्थाने वापरतो, आणि तिथे त्याच्यावर अन्याय होतो. ‘अभ्यास’ या शब्दात पुनरावृत्ती आहे. धातूचे पहिले अक्षर दोनदा येते तेव्हा त्यातल्या पहिल्याला पाणिनीच्या व्याकरणात ‘अभ्यास’ असेच म्हटले आहे. ‘व्यासंग’ मात्र ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे या धातूपासून आला आहे. संग, आसक्ती आणि प्रसंग ही त्याचीच भावंडे. संस्कृतात व्यासंगाला चित्त दुसरीकडे ओढले जाण्याचाही अर्थ होता. मराठीने त्यातली ओढ तेवढी ठेवली आणि ती विद्येकडे वळवली.

क्रियापदे पाहिली की फरक स्वच्छ दिसतो. अभ्यास करतात, तो संपतो, राहून जातो, बुडतोही. व्यासंग जडतो आणि जोपासावा लागतो. म्हणून गावातल्या अभ्यासिकेत तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचा अभ्यास कितीही कसून चाललेला असला, तरी ‘परीक्षेचा व्यासंग’ असे म्हणता येत नाही. त्यात त्याच्या कष्टांना कमी लेखणे नाही. निकाल लागला की ते पुस्तक मिटते, एवढेच. परीक्षेसाठी उघडलेल्या इतिहासाच्या पुस्तकात त्याचे मन पुढेही रमले, तर मात्र हा शब्द त्याचा झाला.

बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते महानुभावांच्या हस्तलिखितांत असेच रमले. सांकेतिक लिप्यांत जपलेल्या या वाङ्मयाचा मागोवा ते दशकानुदशके घेत राहिले आणि त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली, वयाच्या सत्तरीत, प्रसिद्ध झाले. ‘व्यासंगी’ हे विशेषण अशा माणसाच्या नावाआधी लावावे.

वऱ्हाडातल्या घरांत हा तत्सम शब्द फारसा ऐकू येत नाही. दिवेलागणीला वाचत बसलेल्या नातवाला जेवायला हाका मारून थकलेली आजी शेजारणीला सांगते, “पोट्टं पुस्तकातच गुतलं हाय.” व्यासंगाचा मूळ धात्वर्थ तिच्या तोंडी जसाच्या तसा आहे.