आठ पानांची गणती, तीन पानांचा भरवसा

ठाण्यात पत्ते शिकवायची गरज नाही. सकाळच्या कसारा लोकलमध्ये चौघांच्या मांड्यांवर बॅग आडवी टाकली की रमी सुरू. पण रमीत हव्या त्या पानासाठी थांबायचे वेगळे पैसे पडत नाहीत. पॉट-लिमिट ओमाहा या पोकरच्या प्रकारात पुढचं प्रत्येक पान विकत घ्यावं लागतं. समोरचा दर वेळी पूर्ण पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगाएवढं, लावत असेल, तर ती किंमत फेरीगणिक तिप्पट होते. कच्च्या स्ट्रेट ड्रॉवर, म्हणजे ओळीची पाच पानं (स्ट्रेट) जुळायला एक पान कमी असताना, माणसं बुडतात ती इथेच.

हातात चार पानं, टेबलावर पाच. हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची नेमकी तीन धरायची. बेट जास्तीत जास्त पॉटएवढी. टेबलावर आधी तीन पानं उघडतात (फ्लॉप), मग चौथं (टर्न), शेवटी पाचवं (रिव्हर). समोरच्याच्या बेटएवढं टाकून खेळात राहणं म्हणजे कॉल, त्याहून वाढवणं म्हणजे रेज.

एक डाव मांडू. तुमच्याकडे एक्का, अठ्ठी, सत्ती, दुर्री. इस्पिक एकही नाही. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची छक्की. पॉट ३०० चिप्सचा. समोरचा पूर्ण ३०० लावतो.

छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी ओळीने झाली, कुठल्याही टोकाला एक पान हवं. आपण लगेच मोजतो: चार पंज्या, चार दश्श्या, एकूण आठ. न दिसलेली पानं ४५. अजून दोन पानं यायचीत, त्यांत या आठांपैकी एखादं येण्याची शक्यता ३२.७ टक्के. पॉटएवढ्या बेटला कॉल करायला, म्हणजे ९०० च्या पॉटसाठी ३०० टाकायला, लागतात ३३.३ टक्के. जमलंच की जवळजवळ! ओमाहातला सगळ्यात महागडा भ्रम हाच, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

३२.७ हा आकडा दोन पानांचा आहे आणि ३०० मध्ये मिळतं एकच पान. चिप्स फ्लॉपलाच संपून ऑल-इन झालं असेल, म्हणजे पुढे लावायला काही उरलंच नसेल, तर ठीक. नाहीतर टर्नला पॉट ९०० झालेला असतो आणि तो पुन्हा ९०० लावतो, रिव्हरला २७००. एका पानापुरती तुमची शक्यता १७.८ टक्के.

आणि आठ तरी खरे आठ आहेत का? इस्पिकची पंजी किंवा दश्शी आली तर टेबलावर तीन इस्पिक पडतात. इतकी जड बेट लावणाऱ्याकडे फ्लश, म्हणजे स्ट्रेटहून मोठी एकाच रंगाची पाच पानं, असणं अगदी शक्य आहे. उरलेल्या तीन दश्श्यांपैकी एखादी आली, तर राणी-गुलाम धरून बसलेल्याची राजापर्यंत स्ट्रेट होते, तुमची दश्शीपर्यंतच थांबते. राहिल्या तीन पंज्या. ४५ पैकी ३, म्हणजे पंधरात एक.

आता हिशेब करा. चौदा वेळा ३०० गेले, म्हणजे ४२००. पंधराव्या वेळी पॉटमध्ये आधीचे ६०० आहेत. बरोबरीला यायला आणखी ३६०० हवेत. म्हणजे पंजी पडलेली दिसत असताना समोरच्याने टर्नला ९०० आणि रिव्हरला २७००, दोन्ही पूर्ण पॉट तुम्हाला मोजून द्यायचे. तेही दर वेळी! शिवाय त्याच्या हातात राजाची जोडी असेल, तर उरलेला राजा, तीन नव्व्या, तीन छक्क्या आणि तीन पंज्या, एवढी दहा पानं रिव्हरला त्याला फुल हाऊस (एकसारखी तीन पानं आणि एक जोडी) किंवा त्याहून मोठं काही देतात. चारात एकदा तुमची पक्की स्ट्रेटही हरते. म्हणून अशा बेटला मी फ्लॉपलाच पानं टाकायला सांगतो, टर्न बघू असंही म्हणू देत नाही.

मी चिप्सच बोलतोय हे लक्षात आलं असेल. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, आणि राज्यातला जुगार प्रतिबंधक कायदा तर १८८७ चा. आपण गणितापुरते भेटतोय.

मग स्ट्रेट ड्रॉ खेळायचाच नाही का? खेळायचा, पण तो रॅप, म्हणजे आठाहून बऱ्याच जास्त पानांनी स्ट्रेट होणारा, असावा आणि त्यातली पानं नट्स, म्हणजे त्या टेबलावर शक्य असलेला सगळ्यात मोठा हात, देणारी असावीत. फ्लॉप नव्वी-अठ्ठी-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. हातात गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की असेल तर वीस पानं स्ट्रेट करतात. आकडा डोळ्यांत भरतो. पण त्यात तीन गुलाम आणि तीन दश्श्या अशा आहेत, की त्यांच्यावर राणीवाला तुमच्यावर चढतो. नट्स देणारी चौदाच. त्याऐवजी राणी-गुलाम-दश्शी-सत्ती धरा. पानं सोळाच, पण सोळाही नट्स. मला हा दुसरा हात जास्त आवडतो. पॉट पुन्हा ३०० चा धरा; समोरून ३०० ची बेट आली तर मी याच हाताने पूर्ण पॉट रेज करीन: ३०० कॉलचे, आणि त्यानंतर झालेल्या पॉटएवढे ९००, एकूण १२००.