पट्टीखालचा उकार

(उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आमच्या वाहिनीचा पहिला आठवडा होता. मी ग्राफिक्सला होते. संध्याकाळच्या बातमीपत्रात महामार्गावरच्या अपघाताची बातमी सुरू होती आणि खाली लाल पट्टीवर मी टाकलेली ओळ होती : ‘अपघातात तिघे मृत’. माझ्या मशीनवर ती ठणठणीत दिसत होती. पण टिकर, म्हणजे पडद्याच्या तळाशी सरकत जाणारी बातम्यांची ओळ, दुसऱ्या मशीनवरून यायचा, माझ्या पट्टीनंतर, आणि तो पट्टीच्या खालच्या काठावर थोडासा चढून बसायचा. त्यात ‘मृ’चा ऋकार गेला. घराघरांत लोकांनी वाचलं, ‘अपघातात तिघे मत’. पाच मिनिटांत फोन सुरू झाले. एका आजोबांनी विचारलं, ‘अहो, कशावर मत?’

हसू नका. मीसुद्धा तेव्हा हसले नव्हते.

चूक माझी होतीच, पण मुळात ती पट्टी आखली गेली होती इंग्रजी वाहिनीसाठी. सगळी अक्षरं कॅपिटल ठेवली की इंग्रजी ओळ वरून सपाट, खालूनही सपाट. आपलं तसं नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार, शिवाय ‘ट्ट’सारखी दुमजली जोडाक्षरं. तेवढ्याच उंचीच्या पट्टीत मराठी बसवायचं म्हणजे अक्षर बारीक तरी करा, नाहीतर त्याचे पाय तरी कापा. न्यूजरूममध्ये या पट्टीला ‘अ‍ॅस्टन’ म्हणतात. ‘अ‍ॅस्टन मार’, ‘अ‍ॅस्टन काढ’, असं दिवसभर कानावर पडतं. अ‍ॅस्टन ही पडद्यावर अक्षरं टाकणारी यंत्रं बनवणारी ब्रिटिश कंपनी. यंत्र गेलं, नाव राहिलं. पट्टीची उंचीही तशीच राहिली असावी, असं मला कधीकधी वाटतं.

त्यात आमच्याकडचा फाँट हिंदी वळणाचा होता. ‘ल’ हिंदी, ‘श’ हिंदी. तुम्ही म्हणाल, कोण एवढं बघतं? बघतात. ‘तुमची वाहिनी मराठीच आहे ना?’ असं विचारणारा फोन आमच्या संपादकांना आला तो निव्वळ ‘ल’मुळे. निवेदिका शुद्ध मराठी बोलत होती, पण तिच्याखालची पट्टी परक्या हातानं लिहिलेली वाटत होती.

मला आज बोलायचं आहे ते याबद्दलच. स्टुडिओ म्हणजे सजावट नाही. टेबल, मागची भिंत, संगीत, पट्टी हे सगळं मिळून प्रेक्षकाच्या एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतं : हे मला सांगतंय कोण?

बीबीसीनं या प्रश्नाची वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं दिली, म्हणून तिचं उदाहरण घेते. 5 जुलै 1954 ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून त्यांचं पहिलं दूरचित्रवाणी बातमीपत्र गेलं. वाचणारे रिचर्ड बेकर. पण बेकर दिसले नाहीत. पडद्यावर छायाचित्रं, नकाशे, आणि मागून फक्त आवाज. वाचणाऱ्याची भुवई जरी हलली तरी बातमीवर भाष्य झाल्यासारखं होईल, ही धास्ती. माणूस दिसायला सप्टेंबर 1955 उजाडला. त्याच महिन्यात आयटीएन ही स्पर्धक वृत्तसंस्था सुरू होत होती. तेव्हा चेहरा आणण्यामागे तत्त्व किती आणि स्पर्धा किती, ते तुम्हीच ठरवा.

पुढे 1993 मध्ये त्यांनी माणसाच्या मागची खोलीच काढून टाकली. संगणकावर रचलेला काचेचा भव्य देखावा, त्यात बीबीसीचं मानचिन्ह. देखणं होतं, पण थंडगार. एखाद्या बँकेच्या मुख्य कार्यालयात बसून कुणी बातम्या देतंय, असं वाटायचं. 1999 ला डिझायनर मार्टिन लॅम्बी-नेर्न यांच्या संस्थेनं लाल आणि मलईसारखा रंग आणला आणि डेव्हिड लोव यांनी संगीत दिलं. या संगीताची खुबी अशी की त्यात बीबीसी रेडिओचे वेळ सांगणारे ‘पिप्’ गुंफलेले आहेत, 1924 पासून वाजत आलेले. नव्या चालीत पंचाहत्तर वर्षांची ओळख आयती मिळाली. 2013 ला सगळं ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये हललं आणि निवेदकामागे काचेपलीकडची खरीखुरी न्यूजरूम दिसू लागली. आधी आवाज, मग माणूस, मग संस्था, मग कामाला लागलेली माणसं. प्रत्येक वेळी सांगणारा बदलला.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. वरळीच्या त्या स्टुडिओतली भिंत कुठल्या रंगाची होती, असं मी जुन्या माणसांना विचारते. एकालाही सांगता येत नाही. एक तर तो काळ कृष्णधवल, आणि दुसरं म्हणजे भिंत बघायला कुणी बसतच नव्हतं. आठवतात त्या स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांचा आवाज. सातच्या बातम्यांच्या वेळी स्वयंपाकघरात कुकर लावलेली बाईसुद्धा नुसत्या आवाजावरून सांगायची, आज कोण आहे ते. टेबल होतं, कागद होते, कागदावरून वर उचललेली नजर होती. तेवढ्यावर भागत होतं, कारण बातमीपत्र थोडा वेळ चालायचं आणि संपायचं.

मग 2007 ला ‘स्टार माझा’ आणि ‘झी 24 तास’ आल्या, पुढच्या वर्षी ‘आयबीएन लोकमत’. आता सेट चोवीस तास चालणार. सकाळी सहाला प्रसन्न दिसायला हवा आणि रात्री दंगलीची बातमी देताना पोरकट दिसता कामा नये. हे फार अवघड काम आहे. म्हणून व्हिडिओ वॉल आली. भिंतीला रंगच नाही, हवा तेव्हा हवा तो घ्या. पण भिंतीचे नखरे असतात. एलईडीच्या ठिपक्यांवर कॅमेऱ्याचा फोकस नेमका बसला की चित्रावर लाटा उठतात. म्हणून निवेदिकेला भिंतीपासून चार पावलं पुढे आणायचं, भिंत जराशी धूसर ठेवायची. इलकलीच्या बारीक चौकड्यांनीही तेच होतं. साडी सुंदर, पण पडद्यावर मुंग्या आल्यासारखी थरथरते. आणि मागे हिरवा पडदा असला, की यंत्र हिरव्याच्या जागी दुसरं चित्र भरतं. त्यासमोर पोपटी साडी नेसून कुणी आलं, की साडीतूनच मंत्रालय दिसायला लागतं. आमच्या मेकअपरूममध्ये एक करडी शाल कायम खुंटीला असायची. पाडव्याला हमखास लागायची.

टेबलाबद्दलही सांगते. काचेचं टेबल छायाचित्रात झकास दिसतं, पण वरच्या दिव्यांचा उजेड त्यावरून उलटतो आणि हनुवटीखालून चेहऱ्यावर येतो. भुताच्या गोष्टी सांगताना आपण बॅटरी हनुवटीखाली धरायचो ना, तसं. एका सेटवर आम्ही शेवटी काचेवर काळं कापड अंथरलं. त्या काचेसाठी मोजलेले पैसे आठवून प्रॉडक्शन मॅनेजर तिकडे बघायचंही टाळायचे.

हे सगळं जमेल. भीती वाटते ती पट्ट्यांची. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कचे मनोरे पडले, तेव्हा बातम्या मावेनात म्हणून अमेरिकी वाहिन्यांनी खाली सरकती पट्टी सुरू केली. धावपळ ओसरली, पट्टी उतरली नाही. आज आपल्याकडची कुठलीही वाहिनी लावा आणि मोजा. वर ‘ब्रेकिंग’, कोपऱ्यात बोधचिन्ह, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ, बाजूला उभी जाहिरात, खाली मोठी ओळ, तिच्याखाली छोटी ओळ, तिच्याखाली टिकर. मधल्या चौकटीत सहा माणसं एकदम बोलतायत. पूर्वी अ‍ॅस्टन निवेदिकेच्या वाक्याला आधार द्यायचा. आता निवेदिकाच अ‍ॅस्टन वाचून दाखवते. मी अशा पट्ट्या वर्षानुवर्षं केल्या आहेत, तेव्हा हे गाऱ्हाणं दुसऱ्या कुणाचं नाही.

मध्यंतरी डोंबिवली लोकलमध्ये शेजारचा माणूस मोबाइलवर बातम्या बघत होता. आवाज बंद. फोन उभाच, त्यामुळे चित्र जेमतेम काडेपेटीएवढं. सवयीनं मी त्याच्या खांद्यावरून डोकावले. मोठी ओळ पांढऱ्यावर काळी होती, सगळे उकार जागच्या जागी. कुणीतरी नीट काम केलं होतं. त्याचा अंगठा मात्र चित्रावर पडला होता, बरोबर निवेदिकेच्या चेहऱ्यावर. मला वाटलं, आता सरकवेल, मग सरकवेल. मुंब्रा गेलं तरी तो अंगठा तिथेच होता. खालची ओळ त्याला वाचता येत होती.