बेल-इलच्या पाच लगडी

३ डिसेंबर १७४६. वादळी रात्र. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यालगत बेल-इल बेटाच्या खडकांवर एक जहाज फुटलं. 'प्रिन्स द काँती'. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं हे जहाज चीनहून परतत होतं. पोटात चहा, चिनी मातीची भांडी आणि सोन्याच्या लगडी. लोरियाँ बंदर, म्हणजे घर, अगदी तोंडाशी आलेलं.

१९७४ मध्ये अवशेष सापडले. खोली जेमतेम १० ते १५ मीटर. पाहणीत एक लगड हाती लागली आणि १९७५ मध्ये चोरांनी जागा लुटली.

दहा वर्षांनी तिथे पुरातत्त्वज्ञ मिशेल लूर उतरले.

हे काम कसं चालतं, ते जरा थांबून बघू. तळावर चौकट आखायची. तळहात हळूच हलवायचा, तेवढ्या हेलकाव्याने गाळ उठतो. तो नळीने ओढून घ्यायचा. भांड्याचा तुकडा दिसला तरी लगेच उचलायचा नाही. आधी मोजमाप, रेखाटन, फोटो. कोणती वस्तू कशाला टेकून होती, हे एकदाच बघायला मिळतं. चोर सोनं उपसतो तेव्हा ही मांडणी कायमची मोडते. मला विचाराल तर खरी चोरी ती.

लुटीनंतरही तिथे नाजूक भांडी, चहाच्या पेट्यांचे अवशेष आणि तीन लगडी मिळाल्या. मग १९८५ च्या वादळाने उरलंसुरलं विखुरलं. काम थांबलं.

फ्रान्सच्या समुद्रात असं काही सापडलं, तर ४८ तासांत सरकारला कळवावं लागतं. हरवलेल्या लगडींबद्दल कुणीही कळवलं नाही.

२०१८. लूर आता सरकारच्या सागरी पुरातत्त्व विभागाचे प्रमुख. या पेशात नुसती डुबकी येऊन भागत नाही, लिलावांवरही डोळा ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या एका लिलावगृहाच्या वेबसाइटवर त्यांना पाच चिनी लगडी दिसल्या. अशा लगडी कुठल्या जहाजावर होत्या, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी अमेरिकी तपास यंत्रणेला कळवलं. लगडी जप्त झाल्या.

२०२२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्या पाचही फ्रान्सच्या हवाली झाल्या. सोनं परत आलं. कोणती लगड कुठल्या पेटीशेजारी पडली होती, ते मात्र आता कुणीच सांगू शकणार नाही.