चिनी नोंदींमधले उतरते अंगकोर

नमस्कार. आजच्या कंबोडियातली ख्मेर लोकांची जुनी राजधानी असलेले अंगकोर कशाने लयाला गेले, असे विचारले की बहुतेक जण १४३१ साली अयुथ्थया या सयामी (थाई) राज्याच्या सैन्याने केलेल्या स्वारीकडे बोट दाखवतात. मला मात्र एकाच सालावर सगळा भार टाकणे पटत नाही आणि त्याचे कारण चिनी नोंदींमध्ये आहे.

चीनवर राज्य करणारा मंगोल सम्राट तेमूर याने पाठवलेल्या शिष्टमंडळाबरोबर झोऊ दागुआन हा चिनी माणूस १२९६ च्या ऑगस्टमध्ये अंगकोरला पोहोचला आणि जवळजवळ वर्षभर राहिला. त्याने पाहिलेली राजधानी ऐन भरात होती. वर्षाला तीन-चार पिके निघत, बाजार सकाळपासून दुपारपर्यंत भरे आणि तिथला बहुतेक व्यवहार बायकांच्या हातात असे. राजाची स्वारी निघे तेव्हा तो तलवार हाती धरून हत्तीवर उभा असे, त्या हत्तीचे सुळे सोन्याने मढवलेले असत आणि भोवती सोन्याच्या दांड्यांच्या पांढऱ्या छत्र्या धरलेल्या असत.

पण हा राजा आधीच्या राजाचा जावई होता. झोऊ सांगतो, की राजकन्येने बापाची सोन्याची तलवार चोरून नवऱ्याला दिली आणि गादीवर हक्क असलेल्या मुलाने उठावाची तयारी करताच त्याच्या पायाची बोटे तोडून त्याला अंधारकोठडीत डांबण्यात आले. नव्या राजाच्या अंगात मंतरलेले लोखंड बसवलेले असल्याने शस्त्र लागत नाही, आणि त्या भरवशावरच तो राजवाड्याबाहेर पडतो, असेही त्याने ऐकले. एवढ्या थाटामागे केवढी धास्ती होती, हे या एका तपशिलावरून कळते. सयामी लोकांशी नुकत्याच झालेल्या युद्धात मुलूख उजाड झाल्याचीही नोंद तो करतो, म्हणजे १४३१ च्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षे हे संकट दाराशी होते. पुढे चौदाव्या शतकातले दीर्घ अवर्षण आणि मधूनच कोसळणारा अतिरेकी पाऊस यांनी कालवे व तलावांची जुनी व्यवस्था खिळखिळी केली.

मंगोलांनंतर चीनवर राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या काळातली एक नोंद मला फार बोलकी वाटते. चिनी दूताचे तीन शिपाई कंबोडियात पळून गेले, ते सापडेनात, म्हणून ख्मेर राजाने आपलीच तीन माणसे बदली पाठवली. १४०४ साली ती चिनी सम्राटासमोर उभी केली गेली, तेव्हा आमची माणसे पळाली यात यांचा काय दोष, असे म्हणत त्याने त्यांना कपडे व वाटखर्च देऊन परत धाडले. चीनची मर्जी राखण्याची गरज ख्मेर दरबाराला किती वाटत होती, ते इथे दिसते. ख्मेर शिष्टमंडळे १४३१ नंतरही चीनला येत राहिली. १४५० च्या दशकानंतर मात्र ती नियमित येईनाशी झाली. तोवर ख्मेर सत्तेने नॉम पेन्हच्या बाजूला, नदीमार्गाच्या व्यापाराजवळ बस्तान हलवले होते.