उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर

नमस्कार श्रोतेहो.

लंडनला बेकर स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्या चालीवर यॉर्क स्ट्रीट लागते. भाचीकडे गेले होते, तेव्हा त्या रस्त्यावर ६३ नंबरच्या इमारतीपाशी मी थबकले. एडविना माउंटबॅटन हाउस. सेंट जॉन अँब्युलन्स या प्रथमोपचार संस्थेच्या लंडन विभागाचं मुख्यालय. भाची म्हणाली, "मावशी, ही आपल्या शेवटच्या व्हाइसरॉयची बायको ना?" म्हटलं, "हो, तीच. पण हे नाव तिनं गणवेशात कमावलंय."

सेंट जॉन हे नाव आमच्या घरात मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतेय. आमचे दादा भुसावळला रेल्वेत होते. रेल्वेत सेंट जॉनचे प्रथमोपचाराचे वर्ग भरायचे, स्पर्धा व्हायच्या. स्पर्धा जवळ आली की दादा रोज संध्याकाळी माझ्या भावाला ओट्यावर आडवं करायचे. त्याच्या सदऱ्याला टाचणीनं एक चिठ्ठी लावायचे, 'उजवी मांडी मोडली', आणि कामाला लागायचे. मीटरभर चौरस मांजरपाट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला की दोन त्रिकोणी पट्ट्या तयार. त्या एका पट्टीची हाताला झोळी होते, डोक्याला फडकं होतं, घडी घातली की मोडलेल्या पायाला बांधायला पट्टा होतो. आणि गाठ कशी मारायची? उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. ही गाठ चपटी बसते, कातडीला रुतत नाही आणि आपोआप सुटत नाही. ऐकलंत ना? उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर.

ही संस्था १८७७ साली इंग्लंडमध्ये निघाली. खाणीत, कारखान्यात, रेल्वेत माणूस जखमी झाला तर डॉक्टर येईपर्यंत बरोबरच्याच माणसाला काय करता येईल, ते शिकवायचं, एवढंच तिचं काम. रक्त वाहतंय तर स्वच्छ कापड ठेवून दाबा आणि दाबून धरा, बघायला म्हणून सारखं उचलू नका. भाजलं तर नळाखाली, चांगली वीस मिनिटं. हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पुढे जाते. तरी टूथपेस्ट लावणारी माणसं मला अजून भेटतात आणि माझा जीव तुटतो. नळाखाली, वीस मिनिटं.

आता एडविना. जन्म १९०१ चा. आजोबा सर अर्नेस्ट कॅसल, मोठे सावकार, त्यांची अफाट संपत्ती तिच्याकडे आली. १९२२ साली लग्न झालं. त्यानंतरची बरीच वर्षं मेजवान्या आणि प्रवास यांतच गेली. मग महायुद्ध आलं आणि बाई बदलली. तिनं सेंट जॉनचा गणवेश घातला. लंडनवर बॉम्ब पडत होते त्या दिवसांत पूर्व लंडनच्या निवाऱ्यांतून ती रात्री फिरायची. तिथे पाणी आहे का, संडास आहेत का, परिचारिका आहे का, हे स्वतः बघायची. १९४२ मध्ये सेंट जॉनच्या परिचारिका विभागाची ती प्रमुख झाली. पुढे १९४७ ला आपल्याकडे फाळणी झाली आणि ऑगस्टच्या अखेरीस ती आपल्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्याबरोबर पंजाबच्या छावण्यांमधून हिंडली. मदत करणाऱ्या निरनिराळ्या संस्थांचं काम एकमेकांना जोडून घेणारी एक समिती स्थापन झाली, तिची ती अध्यक्ष होती. एका छावणीत चार जणांनी ब्लँकेटं वाटायची आणि शेजारच्या छावणीत लसही पोचायची नाही, असं होऊ नये म्हणून ही खटपट. एडविनाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक डोळे मिचकावतात, दुसऱ्याच गोष्टी सुरू होतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून मला तिची जी गोष्ट सांगायला सगळ्यात आवडते, ती आज सांगते.

सन १९६०. एडविनाचं वय ५८. तब्येत बरी नव्हती, डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं होतं. तरी जानेवारीत ती घराबाहेर पडली. दिल्लीला येऊन गेली आणि मग सेंट जॉनच्या कामासाठी आग्नेय आशियात गेली. फेब्रुवारीत उत्तर बोर्निओतल्या जेसलटन गावात पोचली. आज ते मलेशियातलं कोटा किनाबालू. विषुववृत्ताजवळचा प्रदेश, बारा महिने दमट उकाडा, नुसतं उभं राहिलं तरी अंगाला कपडे चिकटतात. वीस तारखेला तिथल्या सेंट जॉनच्या स्वयंसेवकांचं संचलन होतं. ते तिनं पाहिलं. त्यानंतर एक सरकारी समारंभ होता, तिथेही गेली. अंगात त्राण नव्हतं, म्हणून लवकर झोपायला गेली. एकवीस तारखेच्या सकाळी लोक उठवायला गेले, तेव्हा ती गेलेली होती. झोपेतच हृदय थांबलं होतं.

श्रोतेहो, घरात पैसा, पदव्या, सगळं असलेली बाई. हवापालटाला एखाद्या किनाऱ्यावर जाऊन बसली असती तर कुणी नावं ठेवली नसती. ती गेली कुठे? परदेशातल्या लहानशा गावी, पट्ट्या बांधायला शिकलेल्या पोरापोरींची रांग बघायला. एक पैसा पगार नाही. आपल्याकडे वास्तूला नाव द्यायचं ठरलं की देणगीचा आकडा आधी बघतात. देणगीदारांबद्दल मला आदर आहे, पण पन्नास वर्षं रात्री-अपरात्री दवाखान्याचं कुलूप उघडणाऱ्या माणसाचं नाव एखाद्या खोलीला तरी द्या, असं मला मनापासून वाटतं.

तर, तिची इच्छा होती की आपल्याला समुद्रात निरोप द्यावा. मृतदेह विमानानं इंग्लंडला आणला. पंचवीस फेब्रुवारीला पोर्ट्समथहून 'वेकफुल' नावाची युद्धनौका तिला घेऊन निघाली. आणि मागोमाग कोण निघालं? आपली आयएनएस त्रिशूल! त्रिशूल तेव्हा अगदी नवी कोरी, जानेवारीतच नौदलात दाखल झालेली, आणि ब्रिटनमध्येच बांधलेली. पंडित नेहरूंनी तिला सोबत धाडलं होतं. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी प्रार्थना म्हटली, शवपेटी लाटांत उतरली. माउंटबॅटननी आपलं पुष्पचक्र ओठांना लावलं आणि पाण्यात सोडलं. मग त्रिशूलवरून नेहरूंच्या वतीनं एक पुष्पचक्र सोडलं, झेंडूचं.

झेंडू बघा. गुलाब नाही, लिली नाही. दसऱ्याला आपण दाराला लावतो, जात्यापासून मोटारीपर्यंत सगळ्या हत्यारांना वाहतो, ते फूल. फेब्रुवारीतल्या इंग्लंडच्या करड्या समुद्रावर ते केशरी चक्र तरंगताना कसं दिसलं असेल! इथवर आलं की माझा आवाज दर वेळी जड होतो. आजही झालाय.

त्यानंतर तिच्या नावानं निधी उभा राहिला, तो सेंट जॉनला, परिचारिकांना आणि मुलांच्या संस्थेला जायचा. आणि यॉर्क स्ट्रीटच्या त्या इमारतीला तिचं नाव मिळालं.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. रस्त्यावर अपघात दिसला की "पोलिसांचं लचांड नको" म्हणून माणसं निघून जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम आलंय. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर, त्या जखमीचं पुढे काहीही झालं तरी, खटला भरता येत नाही. १३४-अ, लक्षात ठेवा. आणि मोबाइल खिशात ठेवा, दोन्ही हात मोकळे लागतात.

त्या दिवशी भाचीला मी तिथेच फुटपाथवर गळ्यातली ओढणी काढून झोळी बांधायला लावली. येणारे-जाणारे बघत होते. पहिल्यांदा गाठ सरकली. दुसऱ्यांदाही सरकली, कारण पोरीनं दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं. तिसऱ्यांदा मी तिचे हात धरले नाहीत, फक्त दादांसारखं मोठ्यानं म्हणत राहिले, उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. गाठ चपटी बसली. तिनं ती दोन्ही टोकांनी ओढून पाहिली आणि माझा हात झोळीत तसाच ठेवून आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो.

नमस्कार.