पैठणीची उलटी बाजू

(पंचवटीतलं घर, सकाळ. खिडकीपाशी सतरंजी, तिच्यावर घडी घातलेली पैठणी.)

सकाळचे नऊ वाजलेत. बाहेर चांगलं ऊन पडलंय आणि घरातली ट्यूबलाइट मुद्दाम बंद ठेवलीय. ट्यूबच्या उजेडात जांभळा रंग भलताच दिसतो, धूपछाव, म्हणजे कापड हलवलं की बदलणारी रंगाची झाक, तर कळतच नाही. म्हणून घरून पैठण्या विकणाऱ्या या ताई व्हिडिओ कॉलसाठी गिऱ्हाइकाला उन्हाचीच वेळ देतात.

आज कॉलवर नागपूरच्या एक काकू आहेत. लेकीचं लग्न आहे. ना दुकान पाहिलेलं, ना साडीला हात लावलेला, आणि पैसे मात्र आधी पाठवायचे.

"पदर दाखवता का जरा?"

ताई पदर उलटा करून फोनसमोर धरतात.

"काकू, आधी ही बाजू बघा."

(जवळून: मोराची मान, पदराची मागची बाजू.)

येवला इथून ८० किलोमीटरच्या आसपास. तिथे हातमागावर पदर विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. मोराची हिरवी मान जिथे संपते, तिथे हिरवा धागा शेजारच्या रंगात अडकवून तिथूनच माघारी वळवतात. तो मागून लोंबत पुढे जात नाही. म्हणून मोर पुढून दिसतो तसाच मागूनही दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे सापडतात, नाहीतर ते कापल्याच्या खुणा. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सिल्क मार्कच्या लेबलवरून रेशीम शुद्ध असल्याचं कळतं, पण ते रेशीम हातमागावर विणलं की यंत्रमागावर, हे त्या लेबलवरून कळत नाही. ते कळायला पदर उलटावाच लागतो.

ताई सेमी पैठणीही विकतात, म्हणजे हातमागावर न विणलेली, स्वस्तातली. फोटोखाली पहिलाच शब्द असतो: सेमी. परवडेल ती साडी नेसावी, त्यात कमीपणा कसला? सेमीला हातमागाची म्हणून गळ्यात मारणं, ही मात्र फसवणूकच.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकानं त्यांच्या पेजवर सगळ्यांदेखत लिहिलं, "फोटोतला रंग वेगळा, हातात आलेला वेगळा." भाचा म्हणाला, "मावशी, काढून टाक ते." मावशीनं नाही काढलं. साडी परत मागवली, पैसे फेडले आणि फेडल्याची तारीख त्या तक्रारीखालीच लिहिली. तो फोटो रात्री दिव्याखाली काढलेला होता. उन्हातले कॉल सुरू झाले ते तेव्हापासून. आजही नवं गिऱ्हाईक पेजवर आलं की बरेचदा तीच तक्रार आधी वाचतं आणि मग फोन करतं. पैसे घेऊन पाच-पाच तारे देणारेही मधे येऊन गेले. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून खोटे अभिप्राय लिहू नयेत, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही आहे.

(पुन्हा कॉल.)

"काकू, काठाला इथे एक गाठ आहे. दिसली का?"

पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही.

"दिसली. लेकीला विचारून संध्याकाळी सांगते."

"चालेल. तोवर कुणाला देत नाही."

ताई पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळतात. चिठ्ठी लिहून घडीत सरकवतात: काठ, डावीकडून वीतभर, एक गाठ.