गुरुवारचा थर्मल फोटो

(भोसरीतल्या लघुउद्योजकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘लहान कारखान्यासाठी थर्मल तपासणीचं वेळापत्रक’ असं छापलंय. वेळापत्रक देणार आहे, पण आधी मला गुरुवारबद्दल बोलायचंय.

आपल्या पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, म्हणून मेंटेनन्सची सगळी कामं गुरुवारी. ग्रीस गुरुवारी, बेल्ट गुरुवारी, विजेच्या पॅनेलमधली धूळ गुरुवारी. मग त्याच ओघात थर्मल कॅमेरावाल्यालाही, म्हणजे कुठे किती तापलंय ते रंगांत दाखवणारा कॅमेरा घेऊन येणाऱ्यालाही, गुरुवारीच बोलावतात. हसताय कशाला? घरी जाऊन फाइल काढा आणि रिपोर्टवरची तारीख कॅलेंडरशी ताडून बघा.

अहो, ताप मोजायचा तर आधी काहीतरी तापायला नको का? विजेच्या सैल जोडावर होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लोड ४० टक्के असेल तर उष्णता पूर्ण लोडच्या फक्त १६ टक्के. आणि गुरुवारी ४० टक्के तरी कुठे? शेडमधले दोन दिवे आणि वॉचमनचा पंखा! तेवढ्यावर कुठला लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा जोड, ढिला आहे, हे कॅमेऱ्याला काय, ब्रह्मदेवालाही दिसणार नाही.

एका कारखान्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही; मालक माझे स्नेही आहेत आणि आज सभागृहात नसावेत असा अंदाज आहे. विम्यासाठी त्यांना थर्मल रिपोर्ट हवा होता. माणूस आला, अर्थात गुरुवारी. आठवड्याभरात रिपोर्ट आला. रंगीत फोटो, स्पायरल बाइंडिंग, पानापानावर ‘नॉर्मल’. एकाच पानावर मेन बसबारवर, म्हणजे पॅनेलमध्ये वीज वाटणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर, लालभडक डाग आणि खाली ठळक अक्षरात ‘तातडीने दुरुस्ती करा’. मालकांनी शटडाऊन घेतला, बसबारचे बोल्ट उघडून बघितले. सगळे घट्ट. जोड स्वच्छ.

मी तो फोटो नीट पाहिला. तो डाग म्हणजे कॅमेरावाल्याचं तोंड होतं! चकचकीत तांबं स्वतःची उष्णता फारच कमी बाहेर टाकतं आणि समोरच्याची परत फेकतं. त्याची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता बाहेर टाकायची क्षमता, ०.०५ च्या आसपास, आणि कॅमेरा बहुतेक ठिकाणी ०.९५ वर लावलेला असतो. म्हणून खरोखर तापलेला उघडा बसबारही त्यात थंड दिसू शकतो. त्यातून कॅमेरा रंगांची पट्टी समोरच्या दृश्यावरून आपोआप ठरवतो. अख्खं पॅनेल थंडगार असेल तर दोन-चार अंशांचा फरकसुद्धा लाल दिसतो. त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात गरम वस्तू तो माणूसच होता.

पुढे मे महिना आला. ऑर्डर जोरात, दोन्ही फर्नेस चालू, आणि भर दुपारी मेन इनकमरचा, म्हणजे बाहेरची वीज आत घेणाऱ्या मुख्य स्विचचा, तीनपैकी बी फेजचा लग जळाला. बघतो तर अॅल्युमिनियमचा लग थेट तांब्याच्या बसबारवर बसवलेला, मध्ये दोन्ही धातूंना जुळवणारा बायमेटलचा तुकडा काही नाही. अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं. रोज तापायचं, रोज निवायचं, दाबाखाली हळूहळू सरकायचं, की जोड ढिला होतो, वर ऑक्साइड चढतं. मालकांनी रिपोर्ट टेबलावर आपटला, “यात नॉर्मल लिहिलंय की!” मागे वायरमन उभा होता. तो हळूच म्हणाला, “साहेब, दिवाळीपासून सांगतोय, त्या पॅनेलपाशी वास येतो.” आता नाकाच्या रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग नसतं, त्याला आपण काय करणार!

स्वीडनच्या आगा कंपनीने १९६५ च्या सुमारास वीजवाहिन्या तपासायला थर्मल कॅमेरा आणला. आतलं सेन्सर गार ठेवायला त्यात द्रव नायट्रोजन ओतावा लागायचा. तेवढं लटांबर घेऊन ती मंडळी चालू लाइन बघायला जायची. आपण खिशात मावणारा कॅमेरा घेऊन बंद कारखान्यात जातो.

आणि खंडेनवमीला पॅनेलला हार जरूर घाला, पण पंख्याच्या जाळीवर नको. संक्रांतीपर्यंत तसाच वाळत लटकलेला असतो, मी पाहिलाय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

वेळापत्रक. वर्षातून दोनदा, त्यातली एक फेरी एप्रिल-मेमध्ये, भर शिफ्टला, लोड किमान ४० टक्के असताना. कॅमेऱ्याला काचेतून किंवा अॅक्रिलिकमधून आतलं दिसत नाही, त्यामुळे झाकण उघडावं लागतं. चालू पॅनेल उघडायचं काम जाणकार माणसाचंच, तेही आर्क फ्लॅशचा, म्हणजे विजेच्या ठिणगीच्या भडक्यापासून वाचवणारा, पोशाख घालून. उघड्या तांब्यावर आकडा मोजू नका. शटडाऊनमध्ये तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून ठेवा आणि नंतर त्या टेपवर मोजा. टेप चिकटवायचं काम मात्र गुरुवारी करा, हरकत नाही.

फोटोबरोबर टाँग टेस्टरने, म्हणजे केबलभोवती चिमटा लावून करंट मोजायच्या मीटरने, तिन्ही फेजचे अँपिअर मोजून लिहा. अँपिअर नसलेला फोटो मी बघत नाही. सारखा लोड असलेल्या सारख्या जोडांत १ ते ३ अंशांचा फरक असेल तर लक्ष ठेवा, ४ ते १५ असेल तर दुरुस्तीची तारीख ठरवा, १५ च्या वर गेला तर लगेच काम काढा. हा अमेरिकेतल्या नेटा या विद्युत चाचणीच्या संस्थेचा तक्ता आहे. लोड कमी असताना १० अंश फरक दिसला तर खूश होऊ नका, पूर्ण लोडला तो कितीतरी पटीने वाढेल.

एकच टोक गरम आणि पुढे केबल निवत गेली, तर जोडाचा दोष. एका फेजची अख्खी केबल गरम असेल तर लोड असमान. तिन्ही सारख्याच गरम म्हणजे केबल कमी पडतेय. न्यूट्रल गरम असेल तर एलईडी आणि कॉम्प्युटरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्यांच्यामुळे बिघडलेल्या करंटच्या लहरी, तपासा. दुरुस्ती ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणाऱ्या टॉर्क रेंचने करा, पाना लावून लोंबकळू नका. दुरुस्तीनंतर त्याच जागेचा, तेवढ्याच लोडला पुन्हा फोटो. आणि फेरीला वायरमनला बरोबर घ्या. कुठला दरवाजा आधी उघडायचा ते त्याला माहीत असतं.

बेअरिंगच्या स्लाइड राहिल्याच. एवढंच सांगतो, ग्रीस जास्त झालं तरी बेअरिंग तापतं, त्यामुळे गरम दिसलं की लगेच ग्रीस गन लावू नका. बाकीचं चहाच्या वेळी विचारा.